दुसरी खातरजमा

कोबेत राहायला आलो त्या महिन्यात मला पहिल्यांदा ज्या बाई रागावल्या, त्या डच होत्या. आमच्या इमारतीत कचरा ठेवायच्या जागेची देखरेख रहिवाशांकडे पाळीपाळीने येते. त्या आठवड्यात पाळी त्यांची होती. मी प्लास्टिकच्या पिशवीत लोणच्याची रिकामी बरणी टाकली होती. त्यांनी पिशवीची गाठ सोडली, बरणी काढून माझ्या हातात दिली आणि आधी जपानीत, मग इंग्रजीत सांगितलं की काचेचा वार वेगळा आहे. मी माफी मागितली. त्यावर त्या म्हणाल्या, "साठ वर्षं या गावात मी बोलणी खाल्ली. आता तुम्ही खा."

त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. आम्ही चौथ्या. वय सत्त्याऐंशी, उंची माझ्यापेक्षा जास्त, चालताना काठी हातात असे पण टेकलेली नसे. विशीत असताना त्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून कोबेला आल्या, तिथल्या एका जपानी इंजिनिअरशी लग्न केलं आणि इथेच राहिल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी एक. ती पन्नाशीच्या पुढची, दोन स्टेशनं पलीकडे राहणारी, औषधाच्या दुकानात नोकरी करणारी. गुरुवारी आणि रविवारी ती आईकडे येई.

माझी पत्नी बंदराजवळच्या एका संशोधन संस्थेत काम करते. तिला इथे पाच वर्षांची नेमणूक मिळाली तेव्हा मी पुण्यातल्या दैनिकाची नोकरी सोडली. सव्वीस वर्षं मी वृत्तसंपादन विभागात होतो. बातमी आणणारे वेगळे असत; आमचं काम ती तपासायचं, कापायचं आणि पानात बसवायचं. कोबेत तपासायला काही नव्हतं. दिवसभर घरी असणारा पुरुष म्हणून इमारतीतल्या बायकांना माझं थोडं नवल वाटे. डच बाईंनी मी काय करत होतो ते विचारून घेतलं आणि मला शिम्बुन-सान म्हणायला सुरुवात केली. शिम्बुन म्हणजे वर्तमानपत्र, सान म्हणजे आपलं राव. माझी पत्नी त्यांना डच आजी म्हणू लागली. पुढे मीही आजीच म्हणू लागलो.

दुसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत त्यांची मुलगी मिठाईचा खोका घेऊन आमच्याकडे आली. तिला इंग्रजी थोडं येतं, मला जपानी थोडं. राहिलेलं फोनवरच्या भाषांतराने भागवलं. आईला स्मृतीचा आजार आहे, असं तिने सांगितलं. डॉक्टरांचं म्हणणं होतं की जी भाषा शेवटी शिकली ती आधी जाते. आईची जपानी जायला लागली होती. त्यानंतर इंग्रजी जाईल. डच शेवटपर्यंत राहील, आणि मुलीला डच येत नव्हती. लहानपणी घरात फक्त जपानी बोलायची, ही तिच्या वडिलांच्या आईची अट होती. आता आई मध्येच तिच्या गावातल्या घराबद्दल आणि त्या घरातल्या सैनिकांबद्दल बोलते, पण अर्धवट. आईची इंग्रजी आहे तोवर मी ते लिहून घेईन का, असं ती विचारायला आली होती. मी हो म्हटलं. खरं तर मला आनंद झाला होता.

पहिल्या गुरुवारी मी फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला. आजींनी तो उचलून चमच्यांच्या खणात ठेवला आणि खण बंद केला. "यंत्र ऐकायला लागलं की माणूस ऐकत नाही," त्या म्हणाल्या. "लिहा." तेव्हापासून सगळं वहीत. दहा ते बारा, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, दर गुरुवारी. मुलगी त्या वेळात बाजार आणि साफसफाई उरकत असे.

त्यांचं गाव नेदरलँड्सच्या दक्षिणेकडचं, लोकरीच्या गिरण्यांचं. वडील एका गिरणीत विणकाम खात्याचे मुकादम. जर्मनांच्या ताब्यात चार वर्षं काढल्यावर हे गाव १९४४च्या ऑक्टोबरअखेर मोकळं झालं आणि थोड्याच दिवसांत कॅनडाच्या सैन्याचं मुख्यालय तिथे आलं. मात्र उत्तरेला काही तासांच्या चालीवर मास नदी होती आणि नदीपलीकडचा निम्मा देश अजून जर्मनांकडेच होता. तो संपूर्ण हिवाळा तसाच गेला. अलीकडे मोकळं गाव, पलीकडे ताब्यातलं. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आमच्याकडे दुसरं महायुद्ध म्हणजे ब्रह्मदेश आणि फार तर इटली.

मुख्यालय गावात येतं म्हणजे काय होतं, हे आजींनी मला चार गुरुवार सांगितलं. एका सकाळी प्रत्येक चौकात इंग्रजी पाट्या लागल्या. अक्षरं आणि आकडे, गावातल्या कुणालाच न कळणारे. झाडांवरून आणि घरांच्या पन्हळींवरून टेलिफोनच्या तारा गेल्या. शाळेत टेलिफोनची खोली झाली, म्हणून शाळा बंद. कॅथलिक जोगिणींच्या मठाच्या दिवाणखान्यात सिनेमा लागे. गिरणीच्या बॉयलरवर सैनिकांच्या आंघोळींची सोय झाली आणि वडील कापडाऐवजी गरम पाण्याचे मुकादम झाले. मोटारसायकलवरचे निरोपे दिवसरात्र जात. बायका साबणाच्या बदल्यात सैनिकांचे कपडे धूत. पांढरा पाव त्यांनी चार वर्षांत पाहिला नव्हता. तो पहिल्यांदा मिळाला तेव्हा आईने तो केक म्हणून वाढला. डोक्यावरून जर्मनांचे इंजिन लावलेले उडते बॉम्ब दुसऱ्या शहराकडे जात. त्यांचा आवाज चालू आहे तोवर भीती नाही, आवाज थांबला की टेबलाखाली जायचं, एवढं मुलांना समजलं होतं.

मी वार विचारत असे. रस्त्याचं नाव, घराचं तोंड कुठे, जेवणघराला दारं किती. आजींना त्याची गंमत वाटे आणि नंतर रागही येई. "शिम्बुन-सान, तुमच्या पेपरात माणूस मेला की आधी त्याचा पत्ता छापत होता का?" असं त्यांनी एकदा विचारलं. आधी नाव, मग वय, मग पत्ता, असं मी सांगितलं. त्या हसल्या. घरी मी वही नीट उतरवून काढी आणि संशयाच्या जागी पेन्सिलने प्रश्नचिन्ह करी. पत्नीने एकदा वही चाळली आणि म्हणाली, "तू आजींची मुलाखत घेतोयस की उलटतपासणी?"

त्यांच्या घराच्या दारावर एकदा एका सैनिकाने खडूने आकडा लिहिला. त्याचा अर्थ इथे एक अधिकारी राहील. तो मुख्यालयातल्या नकाशांच्या खात्यातला होता. त्याला वरची पुढची खोली दिली. जेवणघर त्याच्या कामाला गेलं, तिथे भिंतभर नकाशा लागला आणि घरच्यांनी आत जायचं नाही असं ठरलं. घरचे सगळे स्वयंपाकघरात राहू लागले. सकाळी साडेसहाला त्याच्या दाढीचं पाणी तापवून वर नेणं आठ वर्षांच्या आजींकडे होतं. आणखी काही वर्षांनी मोठी असते तर आईने हे काम दिलं नसतं, असं त्या म्हणाल्या. अधिकारी सभ्य होता. पाणी घेताना काहीतरी एक इंग्रजी शब्द शिकवी. त्यांचं इंग्रजी असं सुरू झालं.

हे सगळं त्यांनी जपानमध्ये कधी सांगितलं नव्हतं. सासरचं कोबेतलं घर त्याच युद्धात बॉम्बने जळालं होतं, सासूची धाकटी बहीण त्यात गेली होती. "आमचं गाव मोकळं झालं, असं त्या घरात मी कुठल्या तोंडाने बोलणार," त्या म्हणाल्या. सासूने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. नवऱ्याला एवढंच माहीत होतं की युद्धात बायकोचा भाऊ गेला.

असा एक भाऊ होता हे मला सातव्या गुरुवारी कळलं.

तो एकोणीस वर्षांचा होता. जर्मन लोक तरुणांना मजुरीला धरून नेत, म्हणून तो नदीच्या उत्तरेला एका नातेवाइकाकडे लपून राहिला होता. गाव मोकळं झालं तेव्हा तो चुकीच्या काठावर राहिला. नदी जिथे फाटे फुटून लव्हाळ्याच्या दलदलीत पसरते, तिथून काही माणसं होडीने चोरून अलीकडे येत. त्यांच्यापैकी एकाने हिवाळा सुरू झाल्यावर त्यांच्या घरी भावाचा निरोप आणला. निरोप तीन-चार हातांतून फिरत आला होता. भावाने विचारलं होतं: मी होडीने येऊ, की सैन्य नदी ओलांडेपर्यंत थांबू?

आईला वाटलं की याचं उत्तर वरच्या खोलीत आहे. घरात नकाशा होता, नकाशा ज्याच्या ताब्यात होता तो माणूस होता, आणि त्याच्याशी बोलू शकणारी घरात एकच व्यक्ती होती. आईने आठ वर्षांच्या मुलीला चार शब्द ठरवून दिले. नदी, कधी, आमचा मुलगा, थांबू का. त्या सकाळी परसातल्या टाकीवर बर्फाची पापडी होती, ती फोडून पाणी घेतलं. पाणी वर नेल्यावर तिने विचारलं. अधिकाऱ्याने वस्तरा खाली ठेवला, तिच्याकडे पाहिलं आणि सांगितलं की हे मी तुला सांगू शकत नाही.

मुलगी खाली आली. आई जिन्याच्या तळाशी उभी होती. मुलगी म्हणाली, तो म्हणतो सैन्य एवढ्यात नदी ओलांडणार नाही, दादाला यायला सांगा.

आजी हे सांगताना थांबल्या नाहीत. एका सुरात सांगितलं. का, असं मी विचारलं. पाच डिसेंबरला मुलांच्या भेटवस्तूंचा सण असतो. दादा दरवर्षी त्या दिवशी बुटात लपवलेली भेट शोधायला लावी. त्यांना तो घरी हवा होता. "बाकी काही कारण नाही," त्या म्हणाल्या. "लिहा."

आईने होडीवाल्याकडून उत्तर पाठवलं. भाऊ आला नाही. युद्ध संपल्यावर उन्हाळ्यात एक पाद्री घरी आले. मुलीला परसात पाठवलं गेलं. खिडकीतून तिला दोन शब्द ऐकू आले, लव्हाळं आणि गोळी. घरात पुढे त्यावर कुणी बोललं नाही. आई आणखी तीस वर्षं जगली. त्या तीस वर्षांत अधिकारी खरोखर काय म्हणाला होता, हे तिने मुलीला कधी विचारलं नाही. "म्हणजे तिला माहीत होतं," आजी म्हणाल्या. "जिला माहीत नसतं ती विचारते."

मग त्यांनी वहीवर बोट ठेवलं. त्यांच्या आवाजात विनंती नव्हती. "तुम्ही खात्री करणारे आहात ना. मग करा. तो कुठल्या दिवशी मेला ते शोधा. माझ्या निरोपावर आला, की त्याआधी, की त्यानंतर फार दिवसांनी. मला डोकं आहे तोवर कळायला हवं. आणि माझ्या मुलीला यातलं काही सांगायचं नाही."

मी कबूल केलं. पक्कं झाल्याशिवाय सांगणार नाही, असंही म्हणालो. ही अट माझी होती. त्यांनी ती मागितली नव्हती.

काम माझ्या ओळखीचं होतं. उत्तर काठावरच्या त्या भागातल्या गावांच्या नोंदी एका संग्रहालयात एकत्र ठेवल्या आहेत. मी भावाचं नाव, वय आणि कामापुरती हकिकत लिहून मेल पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, सोबत दफनाच्या नोंदवहीच्या पानाचं छायाचित्र. अनोळखी तरुण, लव्हाळ्यात सापडला, गोळी लागलेली, अमुक दिवशी पुरला. समासात वेगळ्या शाईने नंतर लिहिलेलं नाव. ओळख कोटावरून पटली होती. कोटाच्या कापडाच्या काठावर गिरणीची खूण होती आणि ते कापड विणणाऱ्या खात्याचे मुकादम त्याचे वडील होते.

दफनाचा दिवस गाव मोकळं झाल्यानंतर एका आठवड्याच्या आतला होता. पाच डिसेंबर खूप दूर होता. त्याने निरोप पाठवला आणि उत्तराची वाट न पाहता तो निघाला. आजींनी जिन्याच्या तळाशी जे सांगितलं, ते त्याच्यापर्यंत पोहोचायला तो उरलाच नव्हता. समासातली ती नोंद आईवडिलांना माहीत असणार. आईला निरोपाचा दोष मुलीला देण्याचं कारणच नव्हतं, म्हणून तिने विचारलं नाही.

हे मला त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास कळलं. गुरुवार होता. दहा वाजता मी खाली गेलो आणि आजींना यातलं काही सांगितलं नाही.

कारण लिहितो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या निधनाची बातमी एकाच फोनवर विसंबून सोडली होती. ते इस्पितळात होते, जिवंत होते. त्यांच्या पत्नीला शेजाऱ्यांनी सकाळी पेपर दाखवला. संपादक मला घेऊन त्यांच्या घरी गेले. मी तिथे काय बोललो ते आठवत नाही, त्या बाईंनी आम्हाला पाणी दिलं ते आठवतं. तेव्हापासून मृत्यूची बातमी दोन स्वतंत्र ठिकाणांहून खातरजमा झाल्याशिवाय मी सोडली नाही. पुढे आमच्या विभागाचा तो नियम झाला आणि तो माझ्या नावाने ओळखला जाई.

इथे माझ्याकडे एकच बाजू होती. भावाचा दिवस कळला होता, अधिकारी घरात कधी आला तो दिवस कळला नव्हता. मुख्यालयाची पुढची तुकडी कधीकधी लगेच येते. तो अधिकारी पहिल्याच दिवसांत आला असेल तर? आजींची पाच डिसेंबरची आठवण चुकीच्या जागी बसली असेल तर? त्यांना एकदा दिलासा देऊन मग तो परत घ्यावा लागला तर? म्हणून मी त्यांच्या गावाच्या संग्रहालयाला लिहिलं आणि कुठल्या घरात कोण अधिकारी कधी उतरला, याची यादी आहे का ते विचारलं.

पत्नीला मी रात्रीच्या जेवणावर सगळं सांगितलं. सांगून टाक, असं ती म्हणाली. मी म्हणालो, अजून एकाच बाजूने आहे. ती म्हणाली, "ही बातमी नाहीये. ती बाई आहे, खालच्या मजल्यावर." मी तिला मुख्याध्यापकांची गोष्ट सांगितली. ती तिने पूर्वी ऐकली होती.

माझ्या वहीत, सातव्या गुरुवारच्या पानावर, परसातल्या टाकीवर बर्फाची पापडी होती असं लिहिलेलं आहे. त्या प्रदेशात नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे भाऊ गेला त्या दिवसांत, पाणी सहसा गोठत नाही. हे मी त्या आठवड्यात वाचलं, तपासलं आणि त्या ओळीसमोर पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं, कारण सांगणारी आठ वर्षांची होती आणि आठवण हा पुरावा धरायचा नाही, असं आम्हाला शिकवलं होतं.

आजींनी मला दोनदा विचारलं. पहिल्यांदा चहा ओतताना, काही कळलं का. मी म्हणालो, अजून पक्कं नाही. त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा दोन आठवड्यांनी, दारापर्यंत पोहोचवायला आल्या तेव्हा. त्या दिवशी त्यांना मधले शब्द सापडत नव्हते. खुर्चीला त्या डच शब्द वापरत होत्या आणि ते त्यांच्या लक्षात येत नव्हतं. प्रश्न मात्र नीट विचारला. "तो कधी मेला, शिम्बुन-सान?" मी म्हणालो, एका उत्तराची वाट पाहतोय. त्या म्हणाल्या, "मीही."

जानेवारीत त्यांना ताप आला आणि तो छातीत उतरला. मुलीने त्यांना इस्पितळात नेलं. तिथे त्या सोळा दिवस होत्या. मी एकदा गेलो तेव्हा त्या झोपल्या होत्या. मुलगी म्हणाली की आई नर्सशी डचमध्ये बोलते, नर्स हो हो म्हणते. इस्पितळातून त्यांना थेट डोंगराच्या बाजूच्या एका वृद्धाश्रमात हलवलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर बंद झालं.

त्याच आठवड्यात दुसरं उत्तर आलं. यादी होती. रस्ता, घराचा आकडा, अधिकाऱ्याचा हुद्दा, राहायला आल्याचा दिवस. भावाला पुरल्यानंतर अकराव्या दिवशी तो अधिकारी त्या घरात आला होता. पहिलं उत्तर येऊन सात आठवडे झाले होते.

मी वृद्धाश्रमात गेलो. आजी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, केस कुणीतरी आखूड कापले होते. मी इंग्रजीत बोललो. त्यांनी सभ्यपणे ऐकलं, परक्या माणसाचं ऐकतात तसं. मी तेच सावकाश पुन्हा सांगितलं. त्यांनी माझ्या बाहीवरचा धागा काढला. इंग्रजी गेली होती. त्यांना मी कोण हे आठवत होतं की नाही, ते मला सांगता येणार नाही.

घरी येऊन मी यादी पाठवणाऱ्या संग्रहालयातल्या बाईंना लिहिलं आणि दोन वाक्यं डचमध्ये करून मागितली, लहान मुलीला कळतील अशी. त्यांनी त्याच दिवशी पाठवली, आणि स्वतःच्या आवाजात म्हणूनही पाठवली. तुझा दादा तो साहेब घरी यायच्या आधीच गेला होता. तू जे सांगितलंस त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. मी ती वाक्यं पाच दिवस पाठ केली. पत्नी दुसऱ्या खोलीत असे.

पुढच्या गुरुवारी मुलगीही आली होती. मी वाक्यं म्हटली. माझे उच्चार वाईट होते. आजींनी मान तिरकी केली, म्हणून मी पुन्हा म्हटली. मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं आणि हळू आवाजात, एका दमात, काहीतरी विचारलं. प्रश्न होता हे सुरावरून कळत होतं. मुलीने पटकन फोन पुढे केला आणि पुन्हा विचार असं खुणेने सांगितलं. यावेळी त्यांनी फोन दूर केला नाही. पुन्हा विचारलं. फोनवर जपानी अक्षरं उमटली. मुलीने वाचली आणि मला दाखवली. आईला माहीत आहे?

माझ्याकडे उत्तर पाठ केलेलं नव्हतं. मुलीला डचमधला एक शब्द येत होता. ती म्हणाली, "या." म्हणजे हो.

आजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. काही मिनिटांनी त्यांनी तेच विचारलं. मुलगी म्हणाली, या. जेवणाचा ट्रे येईपर्यंत त्यांनी ते चार वेळा विचारलं आणि तिने चारही वेळा उत्तर दिलं. नंतर त्यांनी विचारलं नाही. मुलीने त्यांना भोपळ्याचं सूप भरवलं.

बसचा थांबा उतारावर आहे. बाकावर आम्ही दोघं बसलो. मुलगी म्हणाली की मी मघाशी कोणत्या गोष्टीला हो म्हटलं ते मला सांगा. न सांगण्याचं मी कबूल केलं होतं. तरी सांगितलं, जेवढं जपानी येत होतं तेवढ्यात, बाकीचं फोनवर टाइप करून. तिने प्रत्येक वाक्य वाचून पुढच्यासाठी मान हलवली. एक बस आली, ती आम्ही सोडली. अधिकारी, दाढीचं पाणी, जिना, होडीवाला, नोंदवही, यादी, सगळं क्रमाने सांगून झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

मी दोन्ही तारखा सांगितल्या. पहिल्या उत्तराची आणि दुसऱ्या उत्तराची. तिने पर्समधून छोटी डायरी काढली आणि पानं उलटत पहिल्या तारखेपर्यंत मागे गेली. तिथे त्या दिवशीचं काहीतरी लिहिलेलं होतं, बहुधा आईसाठी आणायच्या सामानाची यादी. तिने ते वाचलं.

"तेव्हा आई बोलत होती," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. दोन बाजूंची खातरजमा म्हणजे काय, ते मला जपानीत सांगता आलं असतं. त्यासाठी लागणारे शब्द मला येत होते. मी सांगितलं नाही.

दुसरी बस आली. मुलगी उभी राहिली, डायरी पर्समध्ये ठेवली, कमरेतून वाकली आणि इतके महिने माझ्या आईसाठी तुम्ही वेळ दिलात, फार उपकार झाले, असं इथे म्हणतात ते पूर्ण वाक्य तिने म्हटलं. मीही वाकलो. मी वर पाहिलं तेव्हा ती बसमध्ये चढून पलीकडच्या खिडकीशी बसली होती आणि पुढे पाहत होती. त्या बसने मलाही घरी जाता आलं असतं. मी पुढच्या बसची वाट पाहिली.